बुलेटिनमधून वगळलेला शब्द

वॉरंटीचा क्लेम शिकवताना पहिल्याच तासाला मी मुलांना फळ्यावर तीन शब्द लिहायला लावतो : तक्रार, कारण, उपाय. ग्राहक काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तपासणीत काय सापडलं ते मोजमापासकट आणि काय बदललं ते पार्ट नंबरासह. जॉब कार्डावर नुसतं ‘चेक केले, ओके’ लिहिलं की कंपनी क्लेम फेटाळते आणि मजुरी वर्कशॉपच्या अंगावर पडते, हे मुलांना लगेच पटतं. पण पहिल्या रकान्यासाठी मी एवढा हट्ट का धरतो, हे पैशांच्या हिशेबात सांगता येत नाही. त्यासाठी गेली कित्येक वर्षं मी एकच कागद जवळ बाळगतो : जनरल मोटर्सने डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या डीलरांना पाठवलेलं सर्व्हिस बुलेटिन.

शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या भावंड-गाड्यांविषयीचं हे बुलेटिन. विषय : किल्लीचं सिलिंडर नकळत फिरणं, वीजपुरवठा जाणं आणि एकही फॉल्ट कोड न मिळणं. ड्रायव्हर उंचीने कमी असेल आणि किल्लीचा जुडगा जड असेल तर इग्निशन आपोआप बंद होण्याची शक्यता जास्त. ग्राहकाला जुडग्यातल्या जादा वस्तू काढायला सांगा, असा सल्ला. यातलं काहीच खोटं नाही. पण लोक तक्रार करत होते ती अशी, की गाडी चालता चालता बंद पडते. त्यासाठी तिकडे प्रत्येक ग्राहकाच्या तोंडी असलेला शब्द आहे ‘स्टॉल’. तो बुलेटिनमध्ये नाही.

चुकून राहिला असं समजू नका. या प्रकरणाच्या चौकशीसाठी कंपनीनेच नेमलेले वकील अँटन वालुकस यांच्या २०१४ च्या अहवालात त्याचं कारण नोंदलेलं आहे. तो शब्द लिहिला की सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. आणि मग बुलेटिनवर भागत नाही, गाड्या परत बोलवाव्या लागतात. म्हणून बुलेटिनात तो सहसा घालायचा नाही.

आता मेकॅनिकच्या जागी उभं राहून बघा. ग्राहकाने सांगितलेला शब्द तो संगणकात घालणार, बुलेटिन हाती लागणार नाही. स्कॅनर लावला तर कोड नाही. ट्रायल मारली तर गाडी उत्तम. कार्डावर काय लिहिणार? ‘ओके.’

दोष साधा होता. स्विच फिरवायला जेवढा जोर लागायला हवा, त्याहून कमी लागत होता. गुडघा लागला, खड्डा आला की किल्ली ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर घसरायची आणि इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग गेलं तरी गाडी ताकद लावून वळवता येते, म्हणजे ही फक्त गैरसोय, असं कंपनीत ठरलं. त्या क्षणी एअरबॅगही बंद होतात, हे तिथल्या इंजिनिअरांच्या वर्षानुवर्षं लक्षात आलं नाही.

ते ओळखलं विस्कॉन्सिनच्या स्टेट पेट्रोलमधल्या एका पोलिसाने. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच माणूस. ऑक्टोबर २००६ मध्ये २००५ ची एक कोबाल्ट झाडांवर आदळली, दोन तरुण मुली गेल्या, पुढच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या. गाडीच्या ब्लॅक बॉक्समध्ये त्याला किल्ली ‘ॲक्सेसरी’वर असल्याची नोंद दिसली. त्याने बुलेटिन शोधून काढलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि फेब्रुवारी २००७ च्या अहवालात त्यांचा संबंध जोडून दाखवला. हा अहवाल त्याच वर्षी कंपनीपर्यंत पोचला होता. गाड्या परत बोलवायला सुरुवात झाली २०१४ च्या फेब्रुवारीत.

मधल्या काळातला दुसरा कागद मला जास्त अस्वस्थ करतो. तो २००८ चा, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बनवलेला. अहवालात कोणते शब्द टाळायचे, याची साठाहून मोठी यादी त्यात आहे. ‘टायटॅनिक’ आणि ‘डेथट्रॅप’ टाळा म्हटलं तर मी समजू शकतो. पण त्याच यादीत ‘डिफेक्ट’ आहे, ‘सेफ्टी’ आहे, ‘प्रॉब्लेम’सुद्धा आहे. ‘डिफेक्ट’च्या जागी लिहायचं, ‘डिझाइनप्रमाणे काम करत नाही’. नेमकं लिहायला शिकवण्याच्या नावाखाली हे शिकवलं गेलं, याचा मला आजही राग येतो.

तिसऱ्या रकान्याचंही तेच झालं. २००६ मध्ये स्विच सुधारला गेला, पण पार्ट नंबर जुनाच राहिला. त्यामुळे दोषी आणि सुधारलेला स्विच कागदावर एकसारखेच दिसत राहिले. हा फरक पुढे उघडकीला आणला तो अशाच दुसऱ्या अपघातात गेलेल्या एका तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने, जुने-नवे स्विच खोलून, शेजारी ठेवून.

मे २०१४ मध्ये कंपनीने साडेतीन कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. तिच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

यंदाच्या बॅचमधल्या एका मुलाने सरावाच्या कार्डावर लिहिलं, ‘ग्राहक म्हणतो, खड्ड्यात आदळली की गाडी बंद पडते.’ मी विचारलं, ‘‘जुडग्याला काय काय लटकवलं होतं?’’ ते त्याने विचारलंच नव्हतं. फोन घेऊन तो वर्गाबाहेर गेला.