टॅबलेट सुरूच होत नाही तेव्हा

नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेने जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना मोफत टॅबलेट दिले. त्यामुळे हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावांतही अभ्यासाचा टॅबलेट नवा राहिलेला नाही. परीक्षा संपते, टॅबलेट कपाटात जातो आणि काही महिन्यांनी सुरूच होत नाही. तो बिघडलाच असेल असे नाही.

लिथियम-आयन बॅटरी बंद टॅबलेटमध्येही हळूहळू उतरते. व्होल्टेज फार खाली गेले की आतले संरक्षक सर्किट वीज तोडते. मग चार्जर लावूनही पडदा काळाच दिसतो, कारण सुरुवातीला अगदी थोडा प्रवाह आत जातो. म्हणून चांगल्या चार्जरवर तासभर तरी ठेवा, आणि घाई करू नका. चार्जिंगचे छिद्रही तपासा. तिथे धूळ साचते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि बहुतेक बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा तेवढीच असते. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग टाळा.

तरीही हालचाल नसेल, तर पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. अडकलेली प्रणाली यानेच बहुधा सुटते आणि माहितीही पुसली जात नाही. फॅक्टरी रीसेट मात्र सगळे पुसते, शिवाय नंतर जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागते. तो आठवत नसेल तर रीसेट करू नका.

आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर चार्जरला हातही लावू नका; टॅबलेट थेट दुरुस्ती केंद्रात न्या.