कर्जत नेमकं कोणतं?

दोन तक्ते तालुक्याच्या नावावर जोडले की अहवाल तयार, असं अनेकांना वाटतं. पण कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, तसंच रायगडमध्येही. एक अवर्षणाच्या पट्ट्यातलं, दुसरं भाताचं. नावावर जोडणी केली तर रायगडचा पाऊस नगरच्या ज्वारीला जाऊन चिकटतो. खेड आणि मालेगाव ही नावंही दोन-दोन जिल्ह्यांत आहेत.

मग सोबत जिल्ह्याचं नाव घेतलं तर? 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या-नव्या नोंदी नावाने जुळवल्या तर एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे दिसतात. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याला 522 हा क्रमांक होता. नाव बदललं म्हणून त्या नोंदींचा क्रमांक बदलत नाही. नातं अशा क्रमांकावर बांधावं, नाव वाचणाऱ्यासाठी ठेवावं.

याहून महागात पडणारा गैरसमज साखर कारखान्याच्या हिशेबात भेटतो: वजन पावत्या आणि बिलं, दोन्हींत सभासद क्रमांक आहे, मग थेट जोडा. समजा, एका सभासदाच्या 3 पावत्या मिळून 45 टन ऊस आणि त्याला बिलाचे 2 हप्ते. थेट जोडणीत प्रत्येक पावतीसमोर प्रत्येक हप्ता येतो आणि 6 ओळी होतात. ऊस 90 टन दिसतो, दिलेली रक्कम तिप्पट. ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे. थकबाकी अशा आकड्यांवरून काढली तर शेतकऱ्याचं येणं कागदावरच फिटल्यासारखं दिसू शकतं. हे टाळण्यासाठी सभासदांचा वेगळा तक्ता हवा, ज्यात प्रत्येक जण एकदाच येईल. पावत्या आणि हप्ते त्याला स्वतंत्रपणे जोडायचे, एकास-अनेक नात्याने, आणि आपापल्या बेरजा झाल्यावरच तुलना करायची. अहवाल बनवण्याच्या पॉवर बीआय या साधनात तक्त्यांमधला फिल्टर दोन्ही दिशांनी सोडला की हे सुटतं, हाही भ्रमच. आकडा का बदलला, एवढंच त्याने कळेनासं होतं.

साखर उताऱ्याचं काय? रोजच्या उताऱ्यांची सरासरी म्हणजे हंगामाचा उतारा नव्हे. 2,000 टन गाळपाचा दिवस आणि 6,000 टनांचा दिवस तिथे सारखेच मोजले जातात. एकूण साखरेला एकूण उसाने भागावं लागतं. शिवाय रोजचा उतारा अख्ख्या कारखान्याचा असतो. तारखेवरून तो पावतीला जोडला, तर आडसाली आणि खोडवा हे उसाचे वेगळे प्रकार एकाच उताऱ्याचे दिसतात, आणि सभासदाच्या नावासमोर असा आकडा येतो जो त्याच्या उसासाठी कुणी मोजलेलाच नाही.