रक्त ओरडतं तेव्हा डोळे वाचतात?

१८९०. लंडनचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी एका म्हाताऱ्या रुग्णाची हकीकत छापली. त्याची तक्रार काय, तर टोपी घालवत नाही! कानशिलांवर लाल, दुखरे पट्टे उठले होते. ते पट्टे म्हणजे सुजलेल्या धमन्या. आज या दुखण्याला जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात.

पन्नाशीच्या आत हा आजार सहसा फिरकत नाही. बायकांना अधिक होतो. स्कँडिनेव्हियात त्याचं प्रमाण फार, आपल्याकडे कमी. केस विंचरले तरी डोकं दुखतं, घास चावता चावता जबडा भरून येतो. नजर मात्र न दुखता जाते, कारण डोळ्यामागच्या नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याच बंद पडतात. उपचार लांबले तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

ब्रुजच्या संग्रहालयात यान व्हॅन आयकने १४३० च्या दशकात रंगवलेला एक धर्मगुरू आहे, व्हॅन डर पाले. त्याच्या कानशिलावरची फुगलेली धमनी पाहून काही डॉक्टरांनी पाच शतकांनंतर हेच निदान ठोकलं. नाडी न बघता! गंमत म्हणजे त्याच्या हातात चष्माही आहे.

संशय आला की पहिली तपासणी ईएसआर. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, पेशी पोळ्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर बसतात आणि झपाट्याने तळाला जातात. ईएसआर ५० च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात.

मग आकडा जितका मोठा तितका डोळ्यांना धोका जास्त? इथेच गंमत आहे. १९९८ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांना उलटंच दिसलं. ज्यांना ताप होता, वजन घटलं होतं, ईएसआर चढला होता, त्यांची नजर कमी वेळा गेली. एक तर्क असा, की दाह भडकवणारं इंटरल्युकिन-६ नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही मदत करतं. शिवाय तापाने फणफणलेला माणूस दवाखाना लवकर गाठतो, हेही असेलच. पुढच्या सगळ्याच अभ्यासांचं यावर एकमत नाही. प्लेटलेट वाढलेल्या असल्या तर मात्र काही अभ्यासांत धोका जास्त दिसला.

थोड्या रुग्णांत तर ईएसआर आणि दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी, सीआरपी, दोन्ही नॉर्मल, आणि धमनीच्या बायोप्सीत आजार पक्का! म्हणून नजरेचा प्रश्न असला की डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात, बायोप्सी मागाहून.

कोरोनात घरोघरी माहीत झालेलं टोसिलिझुमॅब हे औषध २०१७ पासून अमेरिकेत या आजारासाठीही मान्य आहे. ते इंटरल्युकिन-६ ची वाट अडवतं. यकृत सीआरपी बनवतं ते इंटरल्युकिन-६ च्याच हुकमावरून, त्यामुळे धमनी आतून धुमसत असली तरी सीआरपी एकदम शहाण्यासारखा खाली. अशा वेळी डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून विचारतात, ‘आजी, जेवताना जबडा दुखतो का?’