अकरा मावश्या

बसा रे सगळे. गोष्ट मेंदूचीच आहे, पण सुरुवात एका कृमीपासून करू. एक मिलिमीटर लांब, अंग आरपार दिसणारं, कुजक्या फळांवरचे जिवाणू खाऊन जगणारा. नाव मात्र भारदस्त: सीनोरॅब्डायटिस एलिगन्स! याच्या अंगात चेतापेशी 302. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हजारो पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे ते धागा धागा शोधलं आणि 1986 साली सगळा नकाशा छापला. काय चिकाटी म्हणायची!

2013 मध्ये या नकाशाचा नव्याने हिशेब मांडला, तेव्हा अकरा पेशी वेगळ्या उठून दिसल्या. लग्नघरात एखादी मावशी असते बघा, आचाऱ्यापासून भटजींपर्यंत सगळे तिच्या ओळखीचे. आणि अशा सगळ्या मावश्यांची आपसातही घट्ट ओळख! या अकरा पेशी तशाच. दूरच्या दोन पेशींमधला जवळचा रस्ता बहुतेक वेळा यांच्यातूनच जातो. कृमीच्या डोक्याला भुवईच्या केसाने हळूच स्पर्श करा, तो मागे सरकतो. शेपटीला करा, पुढे पळतो. (होय, प्रयोगशाळेत खरंच भुवईचा केस वापरतात.) पुढे की मागे, हे ठरवण्यात या पेशींचा मोठा हात. गंमत म्हणजे त्या जन्मतात अंड्यातच, कृमीची पहिली हालचाल दिसायच्याही आधी.

“आणि माणसाचं काय, आजोबा?”

आपल्या चेतापेशी सुमारे 86 अब्ज. त्यांचा असा नकाशा अजून कुठला! पण चेतातंतूंच्या जुडग्यांमधून पाणी कोणत्या दिशेने झिरपतं ते एमआरआयने टिपता येतं. त्यावरून 2011 मध्ये व्हॅन डेन ह्यूवेल आणि ओलाफ स्पॉर्न्स यांनी मेंदूचे असेच बारा भाग दाखवले, दोन्ही बाजूंना सहा-सहा. आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस त्यांत आहे, इंद्रियांचे निरोप पुढे धाडणारा थॅलॅमसही आहे.

मग सगळेच सगळ्यांना का जोडलेले नाहीत? कवटीत जागा कुठे आहे? शिवाय लांबच्या तारा पोसायला महाग. वजनाने शरीराचा जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो, त्यातही या मावश्यांची भूक दांडगी. अल्झायमरमध्ये अमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं, तेही अशाच गजबजलेल्या भागांत जास्त. रात्रंदिवस राबल्याचाच हा परिणाम असावा, असा काही शास्त्रज्ञांचा संशय आहे.