जुन्या कॉमिक्सची नाडीपरीक्षा



गेल्या उन्हाळ्यात अकरावीतला एक मुलगा आमच्या प्रयोगशाळेत आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पातळ पुस्तक होते. बर्डीवर (नागपुरात सीताबर्डीला कोणी पूर्ण नावाने हाक मारीत नाही) जुनी पुस्तके विकणाऱ्या एकाने ते त्याला एका दिवसाकरिता विश्वासाने दिले होते. पुस्तक म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला इंग्रजी अंक, मार्च १९६४ चा, 'द फँटम्स बेल्ट'. किंमत चार हजार रुपये. शिष्यवृत्तीचे पैसे त्याने त्यासाठी राखून ठेवले होते. ''सर, हा खरोखरच तेव्हाचा आहे का?'' एवढेच त्याला हवे होते.

मी इतिहासकार नाही. परंतु कागद, शाई आणि प्रकाश हे तर आमचेच विषय. तेव्हा आम्ही दोघे खिडकीपाशी बसलो.

प्रथम अंकाची पाने पाहिली. ती तपकिरी होती, म्हणून मुलगा खूष होता. मी त्याला विचारले, तपकिरी कुठे आहेत? स्वस्त कागद लाकडाचा लगदा करून बनवतात. त्यात सेल्युलोजच्या तंतूंबरोबर लिग्निन नावाचा पदार्थ राहून जातो. हवेतील ऑक्सिजन आणि प्रकाश यांमुळे लिग्निन पिवळे पडते. शिवाय कागदातील आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जाते, म्हणून जुने पान दुमडले की कडकन मोडते. आता विचार करा, मिटलेल्या पुस्तकात हवा आणि उजेड शिरणार कोठून? कडांकडून. म्हणून खरोखर म्हातारे झालेले पान कडेला गडद आणि कण्याकडे फिकट असते. आमच्या अंकाचे प्रत्येक पान मात्र कडेपासून कण्यापर्यंत एकसारखे तपकिरी होते. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद असाच दिसतो. टाचलेल्या तारा चकचकीत होत्या, हेही मला खटकले. साठ पावसाळे पाहिलेल्या लोखंडी तारेभोवती गंजाचा थोडा तरी डाग असायचा. पण तारा कोणीही बदलू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

हा रंगबदल तुम्ही घरीच पाहू शकता. वर्तमानपत्राच्या एका कोऱ्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि मे महिन्यात ती आठवडाभर गच्चीवर ठेवा. नागपूरच्या उन्हात निकालाची फार वाट पाहावी लागत नाही!

मग बहिर्गोल भिंग घेतले. छापलेले रंगीत चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी असते, हे तुम्हाला ठाऊक असेल. परंतु चित्रकाराने शाईने काढलेली काळी रेघ मूळ छपाईत सलग येते. छापील पानाचाच फोटो घेऊन पुन्हा छापले, तर त्या रेघेचेही ठिपके होतात आणि जुनी जाळी नव्या जाळीवर पडून लाटांसारखी नक्षी उमटते. फँटमच्या मुखवट्याची कड भिंगाखाली धरली, तर ती ठिपक्यांनी भरलेली! मुलगा काहीच बोलला नाही.

शेवटी नोटा तपासण्याचा अतिनील दिवा आणला. धुण्याच्या पावडरीत आणि आजच्या पांढऱ्या कागदात उजळपणा आणणारी द्रव्ये असतात; ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. जुन्या स्वस्त कागदात सहसा ती नसतात. चहाचा रंग विरळ लागला होता तिथे पान निळे चमकले. (दिव्याकडे थेट पाहू नका.)

चार चाचण्यांनी एकच उत्तर दिले. अंक अलीकडे छापलेला होता.

कधी कधी एवढे करावेही लागत नाही, फूटपट्टी पुरते. सुपरमॅनची पहिली कथा ज्यात आली तो 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जून १९३८ चा. १९७४ मध्ये त्याचे मोठ्या आकाराचे पुनर्मुद्रण निघाले, बाहेर वेगळे जाड वेष्टन घालून. काही लबाडांनी ते वेष्टन काढून आतला अंक मूळ म्हणून विकला. मोजला असता तर तो मूळ अंकापेक्षा कितीतरी मोठा भरला असता. आपल्याकडेही असे पुरावे छपाईतच दडलेले असतात. पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर ते पान १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे नाही. किंमत 'नये पैसे' अशी असेल, तर १९५७ ते १९६४ चा काळ. अमर चित्र कथेतील 'कृष्ण'चा मूळ क्रमांक ११. तुमच्या प्रतीवर ५०१ असेल, तर ती नंतरची आहे.

प्रत अस्सल असली तरी तिची प्रकृती कशी आहे हा प्रश्न उरतोच. संग्राहक तिला ०.५ ते १० असे गुण देतात. त्या १९३८ च्या अंकाची ९ गुणांची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना गेली. २०१३ मध्ये एका जुन्या घराच्या भिंतीत सापडलेली प्रत मात्र १.५ गुणांची ठरून पावणेदोन लाखांना विकली गेली. ती सापडल्यावर नातेवाइकांच्या ओढाताणीत तिचे मागचे वेष्टन फाटले होते! आणि ती ९ गुणांची प्रत? पहिल्या मालकाने ती वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात, देवदाराच्या पेटीत ठेवली होती. थंडावा आणि अंधार. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो. यावरून पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तुमच्या आजोबांच्या 'चांदोबां'चे काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. ते आतल्या खोलीतल्या कपाटात आणा. लॅमिनेशन करू नका, आणि सेलोटेप तर मुळीच नको. मी सातवीत असताना वडिलांच्या एका अंकाचा कणा सेलोटेपने 'दुरुस्त' केला होता. आज टेप गळून गेली आहे, तिचा डिंक मात्र कागदात उतरून मधासारखा तपकिरी पट्टा झाला आहे. तो निघत नाही.

मुलगा दुसऱ्या दिवशी भिंग घेऊनच बर्डीवर गेला. विक्रेत्याने मुखवट्याची कड स्वतः पाहिली, बराच वेळ पाहिली. त्यालाही तो अंक कोणीतरी रद्दीच्या गठ्ठ्यात विकला होता म्हणे. मग तो म्हणाला, ''वाचायला पाहिजे तर शंभराला घेऊन जा.'' गोष्ट चांगली आहे, म्हणून त्याने घेतला.