पेन्सिलीतील पापुद्रे आणि शून्याजवळचे अवस्थांतर

पेन्सिलीतल्या काळ्या कांडीला आपण ‘शिसे’ म्हणतो. पण तिच्यात शिसे औषधालाही नसते. असते ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन. ग्राफाइटच्या एक मिलिमीटर जाडीत सुमारे ३० लाख पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक पापुद्रा फक्त एका अणूइतका जाड, आणि त्यात कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनांत गुंफलेले. असा सुटा पापुद्रा म्हणजे ग्रॅफीन. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला, आणि २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा इतिहास तुम्ही वाचलेला असेल. त्याहून मोठी गंमत आहे ती एका पापुद्र्यावर दुसरा ठेवून तो किंचित फिरवण्यात.

मच्छरदाणीच्या कापडाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवा आणि वरचा हळूहळू फिरवा. जाळीच्या भोकांहून कितीतरी मोठी अशी काळी-पांढरी नक्षी उमटेल. या नक्षीला ‘म्वारे’ म्हणतात. कोन जितका लहान, तितकी नक्षी मोठी. हिशेब सोपा आहे: जाळीच्या दोन समान बिंदूंतले अंतर भागिले कोन, कोन मात्र रेडियनमध्ये घ्यायचा. ग्रॅफीनमध्ये हे अंतर ०.२४६ नॅनोमीटर असते. कोन १.१ अंश, म्हणजे ०.०१९२ रेडियन घेतला, तर नक्षीचा एकेक घर जवळजवळ १३ नॅनोमीटरचा येतो. अणूंची जाळी तीच. पण इलेक्ट्रॉनला आता तिच्याहून पन्नासपट मोठी दुसरी जाळी जाणवू लागते.

आता थोडे अवस्थांतराविषयी. थंडीत साजूक तूप थिजते, उन्हाळ्यात पातळ होते. येथे किल्ली उष्णतेच्या हाती असते. मग तापमान निरपेक्ष शून्यापर्यंत, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियसपर्यंत खाली नेले तर? उष्णतेची हालचाल तेथे संपते. म्हणून सारे पदार्थ गोठून निपचित पडावेत. हेलियम मात्र हे ऐकत नाही. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली तो शून्याच्या अगदी जवळही द्रवच राहतो. हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व अणूला एका जागी पूर्ण स्वस्थ बसू देत नाही, आणि हेलियमच्या हलक्या अणूंची ही पुंजयामिकीय चुळबुळ त्यांना गोठू न देण्यास पुरेशी असते. पण वातावरणाच्या सुमारे २५ पट दाब दिला की तो घन होतो. म्हणजे उष्णतेने नव्हे, तर दाब, चुंबकीय क्षेत्र किंवा विद्युतदाब अशी दुसरीच एखादी किल्ली फिरवून, शून्य तापमानालाही पदार्थ एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाऊ शकतो. हेच ‘पुंज अवस्थांतर’.

पिळलेल्या ग्रॅफीनमध्ये अशा किल्ल्या हाताशी असतात. २०११ साली बिस्ट्रिट्झर आणि मॅक्डोनाल्ड यांनी गणिताने दाखवले, की सुमारे १.१ अंशाच्या कोनाला इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ नाहीसा होतो. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे लागलेली उसाच्या गाड्यांची रांग आठवा. मोकळ्या रस्त्यावर एका गाडीला दुसरीची फिकीर नसते. काट्यापुढे मात्र शेजारच्याचा प्रत्येक धक्का जाणवतो. मंदावलेल्या इलेक्ट्रॉनांचे असेच होते: त्यांचे परस्परांतील अपसारण वरचढ ठरते. २०१८ साली अमेरिकेत पाब्लो जारिलो-हेरेरो यांच्या गटाने हे प्रत्यक्ष करून पाहिले. खालच्या पट्टीवरचा विद्युतदाब बदलून त्यांनी नमुन्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या कमी-जास्त केली. एका ठरावीक संख्येला जणू सारी गर्दी जागच्या जागी अडकली आणि नमुना विद्युतरोधक झाला. संख्या थोडी बदलताच १.७ केल्विनच्या आसपास तोच नमुना अतिवाहक झाला! पदार्थ एकच, पापुद्रे तेच. बदलला तो विद्युतदाब. ही अतिवाहकता नेमकी कशामुळे येते, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

पण काही अवस्थांतरे अशी असतात, की ती घडली तरी कळत नाहीत. वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एकीची टोके सरळ चिकटवा, दुसरीला अर्धा पीळ देऊन चिकटवा. कागद तोच, वजन तेच, आणि छोटा तुकडा पाहून फरक ओळखता येणार नाही. शिवाय एकीची दुसरी करायची तर मध्ये पट्टी तोडावीच लागते. इलेक्ट्रॉनांच्या तरंगांतही असा ‘पीळ’ असू शकतो. विद्युतक्षेत्र वाढवत नेले की ऊर्जेतली फट मिटते आणि पुन्हा उघडते. या मिटण्या-उघडण्यात पीळ बदलतो. फटीच्या आधीही विद्युतरोधक, नंतरही विद्युतरोधक. साधा रोध मोजून पीळ बदलला की नाही, हे सांगणार कसे?

मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने याला एक उपाय शोधला. सैद्धांतिक बाजूला कानपूरच्या आय. आय. टी.मधील अमित अग्रवाल होते. निबंध २०२२ साली ‘नेचर फिजिक्स’मध्ये आला. त्यांनी ग्रॅफीनचे दुहेरी थर घेऊन दुसऱ्या दुहेरी थरावर किंचित पिळून ठेवले आणि अत्यंत थंड करून त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला. प्रवाहाला आडव्या दिशेने एक सूक्ष्म विद्युतदाब मिळतो. १८७९ साली एडविन हॉलने शोधलेल्या परिणामाला चुंबक लागतो. येथे चुंबक नाही. आणि हा दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, प्रवाह उलटला तरी तो उलटत नाही. साइन फलाचा वर्ग करून पाहा: एका आवर्तनात दोन शिखरे येतात. म्हणून आडवा दाब दुप्पट वारंवारतेने थरथरतो, आणि त्याला मूळ प्रवाहाच्या गोंगाटातून वेगळा काढता येतो. विद्युतक्षेत्र बदलून पिळाचे अवस्थांतर ओलांडले, तेव्हा या दाबातून काढलेल्या राशीचे चिन्ह उलटले: धनाचे ऋण झाले.

वर्तमानपत्रांत अशा शोधाबरोबर नव्या संगणकांची आश्वासने येतात. मला ती फार घाईची वाटतात. कारण हे सारे निरपेक्ष शून्याच्या शेजारी घडते. मला अधिक रस आहे तो एका बारीक तपशिलात. षट्कोनी जाळी अगदी निर्दोष असेल, तर तिच्या तीन दिशा सारख्या असल्यामुळे हा आडवा दाब आपोआप रद्द होऊन शून्य यावा. पण पापुद्रे एकमेकांवर बसवताना ते कुठेतरी थोडे ताणले जातातच. हा ताण एरवी प्रयोगकर्त्याची डोकेदुखी असतो. येथे त्यानेच तीन दिशांचा सारखेपणा मोडला, आणि त्यामुळे दाब शून्य न राहता मोजता आला.