शेवटच्या भागानंतर कैद्याचं काय होतं?

‘ऑझ’ ही तुरुंगावरची अमेरिकन मालिका गेल्या महिन्यात एकदाची संपवली. एचबीओवर १९९७ ते २००३ अशी सहा सीझन चाललेली, एकूण ५६ भाग. रक्त आणि मारामाऱ्या एवढ्या की जेवताना लावू नये. ज्यांना अजून बघायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या, नंतर मला शिव्या देऊ नका.

मालिकेत टिम मॅकमॅनस नावाचा अधिकारी तुरुंगातला ‘एमराल्ड सिटी’ हा विभाग चालवतो. काचेच्या भिंती, थोडी मोकळीक, शिकायची सोय आणि माणूस सुधारेल ही आशा. म्हणजे तो एक प्रयोगच आहे. शेवटचा सीझन आठ भागांचा. पाचव्याच्या अखेरीस मेलेला ऑगस्टस हिल इथेही निवेदन करत राहतो, आणि अगदी शेवटी टपालातून अँथ्रॅक्स येतो, तुरुंग रिकामा करतात, कैद्यांना बसमध्ये बसवतात. संपलं. मी स्क्रीनसमोर बसून राहिलो. अहो, प्रयोगाचा निकाल काय लागला? जे जिवंत राहिले ते पुढे बाहेर पडल्यावर कसे वागले?

तुरुंगातला प्रयोग म्हटलं की आमच्या विट्याच्या माणसाला आधी दुसरंच नाव आठवतं. विट्याहून भिवघाटमार्गे आटपाडीला गेलं की जवळच स्वतंत्रपूर आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या त्या राज्यात कैद्यांना भिंतींशिवाय, शेती करत ठेवायचं ठरलं. या कल्पनेमागे मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरचा मोठा हात मानतात. त्यावरूनच व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आला. लेखन ग. दि. माडगूळकरांचं, ते तर याच माणदेशातले. चित्रपटात सहा खुनी आणि जेलर आदिनाथ ओसाड जमीन पिकवतात, शेवटी जेलर बैलाशी झुंजून मरतो, आपले डोळे भरून येतात आणि दिवे लागतात. मग तोच प्रश्न. ते सहाजण पाच वर्षांनी कुठे होते?

कथाकाराला तिथं थांबायचा हक्क आहे. आपल्याला नाही. “खुल्या तुरुंगातून सुटलेला एकही परत गुन्ह्याकडे वळला नाही” असं वाक्य भाषणात छान वाटतं. पीएचडीच्या मुलाखतीत म्हटलंत तर समोरचा विचारेल, “तुम्ही किती दिवस बघितलंत?”

हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी अंगावर आला होता. बियांच्या उगवणीचा डेटा होता. २१ व्या दिवशी मोजणी संपवली, ट्रे धुवून ठेवले आणि न उगवलेल्या बियांपुढे वहीत ‘उगवली नाही’ लिहिलं. गाईड मॅडमनी पान उलटलं आणि विचारलं, “बाविसाव्या दिवशी काय झालं असतं?” मी गप्प. मला एवढंच माहीत होतं की २१ दिवसांपर्यंत उगवली नव्हती. ‘कधीच उगवणार नाही’ हे मी मनानं जोडलं होतं.

संख्याशास्त्रात या अर्धवट माहितीला सेन्सॉरिंग म्हणतात. नाव फसवं आहे, सेन्सॉर बोर्डाशी काही संबंध नाही. घटना घडण्याआधीच आपलं बघणं थांबलं, एवढाच अर्थ. ‘ऑझ’च्या बसमधला प्रत्येक कैदी सेन्सॉर झालेला आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ, कागद-पेन घ्या. १० कैदी सुटले. ५ वर्षं लक्ष ठेवायचं. एक जण १ वर्षाने पुन्हा गुन्ह्यात सापडला. २ वर्षांनी चौघांचा पत्ताच लागेना. ३ वर्षांनी आणखी एक सापडला. उरलेले चौघे पाचही वर्षं व्यवस्थित. किती टक्के परत वळले?

घाईत १० पैकी २, म्हणजे २० टक्के असं उत्तर येतं. पण त्यात हरवलेले चौघे पाच वर्षं चांगलेच वागले असं आपण गृहीत धरलं. बरं, त्यांना काढून टाकलं तर ६ पैकी २, म्हणजे ३३ टक्के. पण ते चौघे दोन वर्षं नीट वागलेले आपण पाहिले होते, ती माहिती फेकून दिली. एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी १९५८ साली मांडलेली रीत अशी: प्रत्येक घटनेच्या क्षणी, आत्ता नजरेसमोर किती जण आहेत तेवढंच विचारा. पहिल्या वर्षी १० पैकी ९ टिकले, ०.९. तिसऱ्या वर्षी नजरेसमोर ५ च होते, त्यातले ४ टिकले, ०.८. गुणाकार ०.७२. म्हणजे २८ टक्के परत वळले. हरवलेले चौघे हरवेपर्यंत हिशोबात राहिले, नंतर बाजूला झाले. (बर्लिनच्या महोत्सवात ‘दो आँखें’ला रौप्य अस्वल मिळालं तेही १९५८ सालीच. योगायोग, दुसरं काही नाही.)

मात्र या रीतीखाली एक गृहीतक दडलेलं असतं आणि विद्यार्थी नेमकं तेच लिहायला विसरतात: हरवलेली माणसं उरलेल्यांसारखीच आहेत. असतात का? माझ्या भागाचंच बघा. विटा, खानापूर, आटपाडीतली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेली आहेत. सर्व्हेला गेलात तर घराला कुलूप, शेजारी सांगणार, “ती मंडळी तिकडं केरळात असत्यात, जत्रेला येत्याल.” असा माणूस हरवला तो काम मिळालं म्हणून, त्याचा धोका कदाचित उरलेल्यांपेक्षा कमी. दुसरा फोन उचलत नाही कारण तो पुन्हा जुन्या संगतीत गेलाय. तिसरा पूर्ण सुधारलाय, पण नव्या गावात कुणाला मागचं कळू नये म्हणून तुमच्यापासून लपतोय. वहीत तिघांपुढे एकच शेरा: ‘संपर्क नाही’. कुठलंही सूत्र त्यांना वेगळं करून देणार नाही. कुलूप का आहे, हे शेजाऱ्याला विचारून लिहिलंत तरच काही हाती लागेल.

आणि ‘घटना’ म्हणजे तरी काय? गुन्हा आपल्याला दिसत नाही, दिसते ती अटक. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय कुठं गेला? चोरी झाली की ज्याचं नाव आधीच वहीत आहे त्याला पहिलं उचलतात. अशा माणसाच्या पुढ्यात आपण ‘पुन्हा गुन्हा’ लिहितो तेव्हा पोलिसांची सवय मोजतोय की त्याचं वागणं? मला हा प्रश्न सेन्सॉरिंगपेक्षा अवघड वाटतो. इथं चुकलेला आकडा कुणाच्या तरी पॅरोलच्या अर्जावर जाऊन बसतो.

स्वतः करून बघायचं असेल तर ‘रॉसी’ नावाचा डेटा घ्या. आरमध्ये आहे, पायथनच्या ‘लाइफलाइन्स’मध्येही आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँडच्या तुरुंगांतून सुटलेल्या ४३२ पुरुषांवर ५२ आठवडे लक्ष ठेवलं होतं. निम्म्यांना सुटल्यावर आर्थिक मदत दिली, आणि कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. हे महत्त्वाचं आहे. खुल्या तुरुंगात मुळात चांगल्या वर्तणुकीचेच कैदी निवडून पाठवतात, त्यामुळे निकाल चांगला आला तरी श्रेय शेतीचं की निवडीचं ते कळत नाही. चिठ्ठ्यांमुळे तो घोळ टळतो. मदत मिळालेल्या २१६ पैकी ४८ जणांना वर्षभरात अटक झाली, न मिळालेल्या २१६ पैकी ६६ जणांना. उरलेले ३१८ जण ५२ व्या आठवड्यात सेन्सॉर.

आलेख काढलात की शेवटच्या आठवड्यावर बोट ठेवा. रेषा तिथं तुटते, खाली पोचत नाही. माझ्या पहिल्या बॅचमध्ये आलेख सोडाच, ट्रेच उरले नव्हते. दुसऱ्या बॅचचे ट्रे मी ४५ दिवस ठेवले, लॅबमधल्या सगळ्यांनी जागा अडवली म्हणून कटकट केली. तिसाव्या दिवशी दोन बिया उगवल्या.